राजाचा तुरा आणि बिनशेपटीचा आकडा

राजे रणधवलांच्या तुऱ्यावर पातं चाललं, आणि तेही त्यांच्याच छापखान्यात!

कर्दळगडच्या गादीवर बसून पंचवीस वर्षं झाली म्हणून राजांनी आपली तसबीर छापायला सांगितली होती. हुकूम एवढाच होता: "चित्राच्या वर सहा सोडा." खिळे जुळवण्यात म्हातारे झालेल्या जुळारी गेनबांनी संगणकात सहा भरले. छपाई झाली, कागद कापायच्या यंत्राने कडा सारख्या केल्या आणि तीनशे तसबिरींतून पागोट्यावरचा तुरा साफ उडाला. कुणाच्या लक्षात यायच्या आत त्या शेजारच्या राज्यांत रवानाही झाल्या. आठवड्याने सोनखेडच्या राजाचं पत्र आलं. 'आपण तुरा उतरवलात, म्हणजे आमचं मांडलिकत्व पत्करलंत. आनंद झाला. मुजऱ्याला कधी येताय?'

हत्ती आणि संगणक एकाच राज्यात कसे, असं विचारू नका. कर्दळगडात दोन्ही होते आणि दोघांनाही दिवाणजींपेक्षा जास्त काम असे.

गेनबा दरबारात मान खाली घालून उभे राहिले. शेजारी त्यांची मुलगी सगुणा होती. छापखान्यातल्या संगणकाला मापं शिकवणारा प्रोग्राम तिनेच लिहिलेला. बापाची चाळीस वर्षांची नोकरी आता राजाच्या एका शब्दावर होती.

"आम्ही सहा सोडा म्हटलं होतं," राजे गरजले.

"सहाच सोडलं, महाराज. सहा पॉइंट. तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढं."

"आम्हाला पायका म्हणायचं होतं! बारा पॉइंटांचा एक पायका, सहा पायकांचा एक इंच. लहानपणापासून छापखाना बघतोय आम्ही. इंचभर जागा सोडायची, एवढं कळत नाही?"

"नुसता आकडा दिला की यंत्र पॉइंटच धरतं, महाराज. हुकमात पायका असतं तर..."

"हुकमात कसं असेल?" दिवाण बल्लाळपंत मध्येच म्हणाले. "रिवाज माहीत नाही का?"

रिवाज सगळ्यांना माहीत होता. राजांच्या तोंडून आकडा निघाला की त्यामागे काही जोडायचं नाही आणि काही विचारायचंही नाही. आकड्याला शेपूट लागलं की राजांचा अपमान होतो, हे बल्लाळपंतांनीच राजांना पटवलं होतं, आणि राजांना असल्या गोष्टी पटायला वेळ लागत नसे. मुदपाकखान्यात 'चाळीस' असा हुकूम यायचा. चाळीस माणसं, चाळीस शेर की चाळीस पदार्थ, हे आचारी अंदाजाने ठरवायचे आणि उरलेलं हत्तींना घालायचे.

"तीन दिवस देतो," राजे सगुणाला म्हणाले. "आम्ही नुसता आकडा बोलू. यंत्राने आमच्या मनातलं माप बिनचूक छापावं. नाही जमलं, तर तुझा बाप नोकरीतून गेला आणि तुम्ही दोघं राज्यातून."

वाटेत गेनबा म्हणाले, "पोरी, मनातलं माप कुठल्या यंत्राला कळतं गं?"

"यंत्राचं सोडा, आबा. दिवाणजींना तरी कुठं कळतंय," सगुणा म्हणाली आणि थेट छापखान्यात जाऊन बसली.

तिसऱ्या दिवशी संगणक दरबारात मांडला गेला, शेजारी छपाईचं यंत्र.

"यंत्र तयार आहे," सगुणा म्हणाली. "पण एक विनंती. काम जमलं तर मला पाच मिळावे."

"दिले," राजे म्हणाले. बल्लाळपंतांनी लगेच कागदावर 'पाच' लिहिलं आणि शिक्का मारला. शाई वाळेपर्यंत राजांच्या कपाळाला आठी पडली.

"पाच काय?"

सगुणाने कागदावरच्या शिक्क्याकडे बोट दाखवलं.

"महाराज," बल्लाळपंतांचा आवाज बारीक झाला, "पाच गावं असतील. पाच हत्तीही असतील. शिक्का तर बसलाय."

राजे आसनावरून उठलेच. "पोरी, पाच काय ते आधी सांग!"

"आकड्यामागे काही विचारायचं नसतं ना, महाराज?"

"तो रिवाज आमच्या आकड्याचा!"

"शिक्का आपला बसला. आता आकडाही आपलाच."

खांबामागे कुणीतरी फिसकन हसलं. सगुणाने यंत्र पुढे ओढलं. "आता आपण आकडा सांगावा."

"सहा," राजे धुसफुसत म्हणाले.

तिने सहा भरले. पडद्यावर ठसठशीत अक्षरं उमटली: 'सहा काय?' आणि खाली तीन नावं. पॉइंट, पायका, इंच.

"यंत्राची ही हिंमत!" बल्लाळपंत ओरडले. "राजांना उलट प्रश्न?"

"दिवाणजी, हाच प्रश्न महाराजांनी आत्ता मला दोनदा विचारला," सगुणा म्हणाली. "माझ्या मनातलं महाराजांना कळलं नाही, मग महाराजांच्या मनातलं या पत्र्याच्या डब्याला कसं कळावं? विचारणं गुन्हाच असेल, तर यंत्राच्या आधी शिक्षा कुणाला करायची, ते तुम्हीच सांगा."

राजांनी एकदा बल्लाळपंतांकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे, आणि ते खो खो हसू लागले. हसतहसतच त्यांनी पायकावर बोट ठेवलं. यंत्राने सहा पायकांचे बहात्तर पॉइंट केले आणि तसबीर बाहेर आली. वर इंचभर जागा, खाली तुरा डौलात.

"जिंकलीस. आता तुझे पाच काय, ते तरी सांग."

"पाच पायका रुंद जागा, महाराज. तसबिरीच्या तळाशी, कोपऱ्यात. तिथे आबांचं नाव छापायचंय."

गेनबांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. राजांनी जागा दिली, गेनबांची नोकरी कायम केली आणि छापखाना सगुणाच्या हाती सोपवला.

"आणि दिवाणजींना आमच्याकडून दहा!"

बल्लाळपंतांनी सवयीने कागदावर 'दहा' लिहिलं आणि त्यांची लेखणी अडली. दहा गावं की दहा फटके? विचारावं तर रिवाज आपणच पाडलेला. पण शेवटी त्यांना राहवलं नाही.

"दहा... दहा काय, महाराज?"

राजे पोट धरून हसले. "विचारलंत ना शेवटी!"