तांबू मुंगी आणि शमीचा पाय

एक होती मुंगी. लाल लाल, चिमुकली. नाव तिचं तांबू.

उंबऱ्यापाशी तिचं बीळ. घरातली छोटी शमी रोज तिथे चिमूटभर साखर ठेवायची. आणि हसायची, खुदुखुदु.

एकदा बिळावर पाय पडला, धप्प. तांबू घाबरली. पाय कुणाचा, ते बघितलंच नाही. चावली, कचकन.

पाय शमीचा होता.

शमी रडली, भ्यँ भ्यँ. हसू गेलं. साखरही गेली. तांबूला फार फार वाईट वाटलं.

"माझ्या चाव्यात आंबट आहे. तेच आग करतं. आंबटाला खायचा सोडा हवा."

तांबू निघाली, तुरुतुरु तुरुतुरु.

"सोडादादा, सोडादादा, चल ना. शमीचं रडू थांबेना."

सोडा म्हणाला, "मी डब्यात कोंडलेला. झाकण उघडेल, तर मी येईन."

तुरुतुरु तुरुतुरु.

"झाकणदादा, झाकणदादा, उघड ना. सोडा येईना, शमीचं रडू थांबेना."

झाकण म्हणालं, "मी बसलंय घट्ट. चमचा उचकटेल, तर मी उघडेन."

तुरुतुरु तुरुतुरु.

"चमचेदादा, चमचेदादा, हल ना. झाकण उघडेना, सोडा येईना, शमीचं रडू थांबेना."

चमचा म्हणाला, "मला कुठे पाय आहेत? बाबा उठतील, तर मी हलेन."

तुरुतुरु तुरुतुरु.

"बाबा, बाबा, उठा ना. चमचा हलेना, झाकण उघडेना, सोडा येईना, शमीचं रडू थांबेना."

बाबा म्हणाले, "शमी मांडीवर आहे. शमी उतरेल, तर मी उठेन."

तांबू चढली शमीच्या गुडघ्यावर. हळूच. अगदी हळूच.

"शमी, शमी, उतर ना. बाबा उठेनात, चमचा हलेना, झाकण उघडेना, सोडा येईना, तुझं रडू थांबेना."

शमी मुसमुसत म्हणाली, "मला कोण चावलं? सांगशील, तर मी उतरेन."

आता आली का पंचाईत. खरं सांगितलं, तर साखर कायमची जाणार. शमीच्या गालावरून पाणी ओघळलं, टप टप.

तांबू म्हणाली, "मीच चावले गं. पाय तुझा होता. मी बघितलंच नाही. चुकले मी."

शमीने तिच्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मग उतरली.

शमी उतरली, बाबा उठले. बाबा उठले, चमचा हलला. चमचा हलला, झाकण उघडलं, टक्. झाकण उघडलं, सोडा आला.

बाबांनी सोडा पाण्यात कालवला. शमीच्या पायावर लावला.

आंबटाला सोडा भेटला. फुस्स, इवलासा बुडबुडा उडाला. आंबट आंबट उरलं नाही. सोडा सोडा उरला नाही. दोघांचं मिळून झालं चिमूटभर वेगळंच मीठ आणि थेंबभर पाणी.

आग गेली. रडूही गेलं.

दुसऱ्या दिवशी बिळापाशी साखर होती. चिमूटभर, रोजच्यासारखी. तांबू बाहेर आली.

शमीच्या पायात चप्पल होती. उंबऱ्यापाशी ती कधीच चप्पल घालत नसे.

तांबूने एक दाणा घेतला. एक दाणा चपलेपाशी ठेवला. आणि बिळात गेली, तुरुतुरु तुरुतुरु.

साखर मुंगीची, गोष्ट तुमची.