पितळी नटाची ओढ
हत्यारं एकमेकांशी बोलत असत, त्या काळची गोष्ट. दामोदर पांचाळांच्या घरामागच्या शेडमध्ये धातू कापून आकार देणारं एक मिलिंग मशीन होतं. त्याच्या पोटातल्या लांब पोलादी स्क्रूवर एक पितळी नट बसलेला असे. हँडलने स्क्रू फिरवला की नट सरके आणि त्याच्यासोबत मशीनचं टेबलही पुढे जाई.

वर्षानुवर्षं काम करून नटाचे आटे झिजले. हँडल पाव फेरा फिरवलं तरी टेबल जागचं हलेना. पूर्वी स्क्रूची बारीकशी थरथरही नटाच्या अंगात उतरायची. आता तो स्क्रूवरच बसलेला असायचा, तरी त्याला स्क्रूची आठवण यायची.

एके सकाळी पांचाळांनी नट काढून निरखला. "मधोमध कापला तर अजून चालेल हा," ते स्वतःशीच म्हणाले आणि नट हातात घेऊनच करवत आणायला वळले.

"अरे, हातातून सुटून पड आणि घरंगळत कोपऱ्यात जा!" फळीवरची कानस कुजबुजली. "निदान अख्खा तरी राहशील."

"अख्खाच आहे गं मी इतके दिवस," नट म्हणाला, "पण हाताला काही लागत नाही."

तो हलला नाही. करवत चालली. पांचाळांनी दोन्ही तुकडे एकामागे एक पुन्हा स्क्रूवर चढवले आणि बोल्टांनी असे आवळले, की एकाने स्क्रूच्या आट्याची डावी बाजू घट्ट धरली, दुसऱ्याने उजवी. हँडल केसभर हललं, तसं टेबलही केसभर हललं.

"दुखतंय का रे?" स्क्रूने हळूच विचारलं.

"हो," दोन्ही तुकडे एकदम म्हणाले, "पण थांबू नकोस."