मार्तंडरावांचा रेंगाळता ठेका

“थांबवा! हा ठेका माझा नव्हेच!” मार्तंडराव शेळके गरजले. सकाळपासून ही सतरावी वेळ.

कोल्हापूरच्या ‘लवंगी’ या रॉक बँडवर पाच भागांची मालिका निघत होती. चाळीस वर्षांपूर्वी तो बँड काढणारे, गाजवणारे आणि स्वतःच्या मते अजरामर करणारे मार्तंडराव तिचे संगीत सल्लागार होते. टक्कल पडलं तरी मागचे चार केस त्यांनी रबर लावून राखले होते. ‘लवंगी’चा ठेका किंचित मागे रेंगाळायचा. तो आपल्याला पंचगंगेच्या घाटावर ध्यानात सुचला, असं ते दर मुलाखतीत ठोकून देत. पुरावा काही उरला नव्हता. एकुलत्या एका कॅसेटवर आईनं भजनं भरून घेतली होती.

मुंबईहून आणलेले चार तरबेज वादक घामाघूम झाले. दिग्दर्शकानं हात जोडले. “दादा, उद्या संध्याकाळपर्यंत तुम्ही हो म्हणाला नाहीत, तर जलशाचा प्रसंगच गाळावा लागेल.”

मार्तंडराव खुर्चीतून ताडकन उठले. तो एकच तर जलसा लोकांनी शेवटपर्यंत ऐकला होता! बाकी सगळीकडे टोमॅटो. पण हट्ट म्हणजे हट्ट. मोडेन पण वाकणार नाही!

तेवढ्यात कपडेपट सांभाळणारी शालन सातपुते जाकिटं घातलेल्या बँडचा जलशातला जुना फोटो बघून खुदकन हसली.

“हसतेस काय? तूच काढून दाखव तो ठेका!”

“दाखवतो की! पर जमलं तर?”

“मागशील ते देईन!”

“त्ये मागनं मागीन. आत्ता ह्यो फोटो द्या. आन् ह्या पोरांची जाकिटं उद्यापातुर माझ्याकडं.”

दुसऱ्या दिवशी जाकिटं घालून वादक उभे राहिले. ड्रमवर काठी पडली, गिटार निघाली, आणि ठेका चालू लागला. जरा मागे, जरा जड, रेंगाळत! मार्तंडरावांनी जोरात टाळी वाजवली.

“हाच! हाच तो! पोरांनो, ध्यान लागलं काय रे तुम्हाला?”

“ध्यान कसलं, काका? हातच वर जाईना!” ड्रमवाला कळवळला.

शालननं त्यातलंच एक जाकीट मार्तंडरावांच्या अंगात चढवलं आणि ड्रमची काठी हातात दिली. “आता वाजवा बघू, दादा.”

कोपर वाकेना! करकरीत चामड्याचा वास नाकात शिरला आणि त्यांना सगळं आठवलं. तेव्हा एकही शिंपी चामड्याला हात लावेना, म्हणून ते चपलांच्या कारागिराकडे गेले होते.

“त्ये कारागीर म्हंजे माझं आप्पा,” शालन म्हणाली. “फोटोत त्यांची शिलाई वळखली मी. त्यांनी जन्मभर चपलाच केल्या, जाकिटं तेवढी तुमची चार! कातडं म्हशीचं, चपलेचंच. काल तसल्याच बाह्या बसवून घेतल्या त्यांच्याकडनं. दादा, ठेका तुमचा न्हवताच. बाहीचा हुता!”

दिग्दर्शक जमिनीकडे बघू लागला.

आणि मार्तंडराव जे हसत सुटले! हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, पण पुसायला हात वर जाईना!

“चाळीस वर्षं ध्यानाच्या थापा मारल्या, आणि गुरू निघाली म्हैस! माग गं, काय हवं ते माग!”

“पडद्यावर माझं नाव येईस्तवर लोकं टीव्ही बंद करत्यात. जरा वर घ्या की.”

“वर? अगं, माझ्याच जागी घे!”

मालिका लागली तेव्हा पहिल्याच पाटीवर झळकलं: ‘संगीत सल्लागार – शालन सातपुते आणि आप्पा.’ आणि शेवटी, लोक टीव्ही बंद करतात तिथे, बारीक अक्षरांत: ‘कपडेपट – मार्तंडराव शेळके.’