दोन घड्याळांची लावणी

तालुक्याच्या एका गावात, सायकलच्या दुकानावरच्या माडीत, गाणी रेकॉर्ड करायचा एक छोटा स्टुडिओ होता. तो दोघांचा होता. एक दिनकर आणि दुसरे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान विलासराव. दिनकर त्यांना दाजी म्हणे, म्हणून सगळं गावच त्यांना दाजी म्हणे.

दिनकर थकलेला माणूस होता. कामाने नव्हे, मान राखून राखून थकलेला. बहिणीच्या लग्नात दाजी रुसले तेव्हा त्यानेच हात जोडले. दिवाळीत पहिलं पान दाजींचं, गाडीत खिडकी दाजींची, स्टुडिओच्या पाटीवर वरचं नावही दाजींचंच. सगळ्यात त्याची स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे त्याचं जुनं रेकॉर्डिंगचं यंत्र.

मग दाजींनी नवं यंत्र आणलं. माइकमधला आवाज आधी त्यात जायचा आणि तिथून दिनकरच्या यंत्रात उतरायचा. आता या यंत्रांची एक गोष्ट असते. प्रत्येकाच्या पोटात एक घड्याळ असतं आणि त्याच्या ठेक्यावर आवाज मोजला जातो. दोन यंत्रं जोडली की एकाने आपलं घड्याळ बाजूला ठेवून दुसऱ्याचं ऐकायचं. कुणीही ऐकलं तरी चालतं. पण दोघंही आपलंच चालवू लागली, की ती नकळत मागेपुढे होतात आणि गाण्यात मधेच ‘टक्’ असा आवाज येतो.

एके दिवशी द्वारकाबाई आल्या. उभा जन्म तमाशाच्या फडात लावणी गायलेल्या बाई, पण आता छातीत दम उरला नव्हता. मुलीच्या, शेवंताच्या, खांद्यावर हात ठेवून त्या कशाबशा जिना चढल्या. त्यांच्या एका लावणीच्या शेवटी आवाज वर चढून असा काही वळायचा, की ते वळण शेवंताला काही केल्या साधत नव्हतं.

“गळ्यात आता थोडंच शिल्लक हाय,” द्वारकाबाई म्हणाल्या. “तेवढं हिच्यासाठी धरून ठेवा, म्हंजे मी सुटले.”

त्या गायल्या. पहिल्याच खेपेला अशा गायल्या, की दिनकरच्या अंगावर काटा आला. वळण आलं, आणि नेमकं त्याच्यावर ‘टक्’ झालं.

दिनकरला कारण तिथंच कळलं. एक बटण दाबायचं आणि आपलं यंत्र दाजींच्या घड्याळावर सोडायचं, एवढंच काम होतं. पण त्याचा हात उठेना. इथंही मीच का, असं त्याच्या मनात आलं.

“दाजी, तुमचं यंत्र जरा माझ्या घड्याळावर घ्या.”

“नवं यंत्र जुन्याचं ऐकणार व्हय? तुझं घे की माझ्यावर.”

“या वेळी तुम्ही घ्या.”

दाजी खुर्चीत मागे रेलले. “वायर बघ आधी. वायर खराब असंल.”

वायर धड आहे हे दिनकरला पक्कं ठाऊक होतं. तरी त्याने ती बदलली, कारण बटण दाबण्यापेक्षा वायर बदलणं सोपं होतं. द्वारकाबाई पुन्हा गायल्या आणि पुन्हा ‘टक्’ झालं. मग माइक बदलला. मग पंखा बंद केला. दर खेपेला बाई घोटभर पाणी पिऊन निमूट उभ्या राहायच्या आणि दर खेपेला आवाज थोडा बसायचा.

शेवटी त्यांनीच विचारलं, “माझंच कुठं चुकतंय का, बाबा?”

दिनकर शरमेने मेला. त्याने बटण दाबलं. लावणी स्वच्छ उतरू लागली, कुठं टक् नाही की काही नाही. मात्र वळणापाशी येताच द्वारकाबाईंचा आवाज फाटला आणि पुढं निघालाच नाही.

“बघ,” दाजी म्हणाले, “माझंच घड्याळ बरोबर होतं.” दिनकरच्या अंगात रागवायचंही त्राण नव्हतं.

द्वारकाबाई त्यानंतर गायल्या नाहीत, आणि पुढच्या जत्रेपर्यंत त्या राहिल्याही नाहीत. शेवंताने पहिलं आणि शेवटचं, अशी दोन रेकॉर्डिंगं नेली होती. वळण होतं ते पहिल्यातच, तेव्हा ती त्याच्यावरूनच शिकली.

जत्रेत तिने ती लावणी म्हटली तेव्हा दिनकर मागे बसला होता. आवाज वर चढला, सुरेख वळला, आणि वळता वळता पापणी लवावी तेवढाच तुटला. जिथं ‘टक्’ होतं, अगदी तिथं. मग पुढं गेला.

शेजारचा म्हातारा खुशीत म्हणाला, “आईची लकब उचललीया पोरीनं.”

ती लकब आईची नव्हे, हे दिनकरला ठाऊक होतं.

तात्पर्य: मिळून काम करताना घड्याळ कुणाचंही असो, ते एकच असावं; दोघांच्या मानापायी जे तुटतं, ते बहुतेक वेळा तिसऱ्याचंच असतं.