रेडकाची हाक

फार मागे, जनावरं माणसांशी बोलत तेव्हा, सोनाक्काच्या गोठ्यात हरणी म्हैस व्याली.

"चीक आधी रेडकाला पाजा," हरणी म्हणाली. "त्यानंच पायांत बळ येतं."

"तुझं रेडकू काय पळून चाललंय?" सोनाक्का हसली. "पोरं खरवसाला टपलीत." तिनं चीक काढून नेला. हरणीनं उरलेला पान्हा चोरून धरला, रेडकानं हाक मारली की सोडायचा म्हणून.

चुलीवरून उतरलेला खरवस कुणी हात न लावताही थरथरत होता. घरच्या मनी मांजरीनं झाकण सरकवून तो सगळा खाल्ला. मऊ, गोड, आईच्या कुशीसारखा ऊबदार. पण खाल्ला तशी भूक वाढतच गेली. तिनं तोंड उघडलं, तर आवाज आला रेडकाचा.

घाबरून ती गोठ्यात धावली. रेडकू आडवं पडलं होतं. त्याचं तोंड हलत होतं, पण हाक फुटत नव्हती.

"आलास का रे बाळा," म्हणत हरणी डोळे मिटून मनीलाच चाटू लागली. सडांतून धारा गळू लागल्या.

"अगं, मी मनी!" ती ओरडली. तेही रेकणंच निघालं.

दूध तोंडापाशी होतं. मनीनं रेडकाकडे पाहिलं. त्याचे कान गार पडत चालले होते. ती हळूच त्याच्या पाठीमागे जाऊन बसली आणि तिथून हाका मारू लागली. हरणी वळली आणि त्याला खेटून बसली. रेडकाच्या तोंडात सड गेला. घोटागणिक मनीचा आवाज बारीक होत गेला, आणि शेवटी रेडकू स्वतःच रेकलं.

मनीनं तोंड उघडलं. काहीच आलं नाही.

अजूनही एखादं मांजर असं नुसतंच तोंड उघडतं, तेव्हा त्या गावच्या बायका हातातलं काम टाकून आधी गोठ्यात डोकावून येतात.