उकिडवा धोंडाप्पा

त्या राज्यात सगळ्यांना फेकायचं होतं. झेलायचं कुणालाच नको होतं. खेळ साधाच होता. एकाने कवठ फेकायचं, समोरच्याने ते काठीने टोलवायचं, आणि टोला हुकला तर काठीवाल्याच्या मागे बसलेल्याने ते झेलायचं. ही मागची जागा धोंडाप्पा बेडकाकडे आली, कारण तो जन्मापासून उकिडवाच होता.

फेकायचा रंगराव माकड. त्याने काठीवाल्याला चकवलं की राणीसाहेब त्याच्या गळ्यात हार घालत. धोंडाप्पाला टेंगूळ येई. त्यावर चिखल थापून तो पुन्हा बसे. त्याला ती जागा मनापासून आवडायची. सगळा खेळ त्याच्या समोर असायचा.

पुढे गुडघे गेले. एका सामन्यात तो बसला तो उठेचना. सशांनी त्याला उचलून बाहेर नेलं.

"बसायला कसली अक्कल लागते?" असं म्हणत रंगरावाने तिथे बोक्याला बसवलं. पहिलंच कवठ येताना पाहून बोका बाजूला सरकला आणि ते थेट महाराजांच्या नाकावर फुटलं. महाराज सिंह होते, तरी "म्यांव" असं ओरडले.

त्याच संध्याकाळी धोंडाप्पाला गुरुजी नेमण्यात आलं. शिकायला एकटी तानूबाई घूस आली. धोंडाप्पाने जीव ओतून तिला बसायला शिकवलं.

काही दिवसांनी रंगराव आला. "धोंडाप्पा, हल्ली माझा नेम लागत नाही रे."

"मी डोळा मिचकावायचो. उजवा मिचकावला की तू उजवीकडे टाकायचास."

"छे! ते मला आपोआप सुचायचं."

"सुचायचंच की. मी मिचकावला की लगेच."

रंगराव रुसून झाडावर जाऊन बसला. भूक लागल्यावर उतरला आणि इकडेतिकडे पाहत पुटपुटला, "तानूबाईंनाही शिकवा ना तेवढं."

पुढच्या सामन्यात काठी घेऊन रानडुक्कर उभं राहिलं. रंगरावाने कवठ उचललं आणि तो थांबला. नेमकी तानूबाईच्या डोळ्यांत धूळ गेली होती. ती डोळे घट्ट मिटून बसली होती. कुंपणापाशी धोंडाप्पाचा जीव खालीवर होत होता. आता त्याच्या हातात काहीच नव्हतं. नगारे थांबले. ढालीआडून महाराजांनी मान बाहेर काढली. दरबारी टाचा उंचावून उभे राहिले, आणि सगळं राज्य श्वास रोखून एका घुशीची पापणी हलण्याची वाट पाहू लागलं.