बुवांच्या बैठकीवरचं पाणी

“आणि बुवा, छतातून पाणी नेमकं तुमच्याच बैठकीवर यावं, याला काय म्हणायचं?”

“पाणी म्हणायचं,” बुवा म्हणाले.

त्र्यंबकरावांना हे उत्तर रुचलं नाही. ते बुवांचे जुने शिष्य, शिवाय इमारतीचे सेक्रेटरी. सांगलीतल्या त्या तीन मजली इमारतीत बुवा तळाला राहत, मधल्या मजल्यावर कुसुमकाकू ढवळे आणि सगळ्यात वर त्र्यंबकराव. गुरूच्या डोक्यावर आपण राहतो याचा त्यांना संकोच वाटे, पण वरचं मोकळं वारं सोडवत नसे.

बुवांच्या छताच्या कोपऱ्यातून अधूनमधून सांडपाणी गळायचं. कधी सकाळी, कधी भर दुपारी, मधले तासन्‌तास टिपूससुद्धा नाही. मग एकदम धार. बुवा बैठक उचलून दुसऱ्या कोपऱ्यात मांडत आणि जप पुढे चालू ठेवत.

त्र्यंबकरावांना मात्र चैन पडेना.

“मी दर्शनाला खाली उतरावं, आणि बैठक ओली! आणि त्याच वेळी काकूंच्या मोरीत भांड्यांचा खणखणाट. आणखी काय पुरावा हवा?”

कुसुमकाकू डबे करत. पोळी, भाजी, आमटी. कॉलेजची पोरं, बँकेतले एकटे लोक, सगळे त्यांच्या हातचं खात. नवरा गेल्यावर याच डब्यांवर त्यांनी घर उभं ठेवलं होतं. आणि त्र्यंबकरावांनी परवाच त्यांना बजावलं होतं, सोमवारपासून मोरी बंद, डबे बंद.

काकू पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या.

“बुवा, माझ्या पाण्यानं तुमची जागा विटाळत असेल, तर मी आजच चूल विझवते. पण एकदा बघा तरी हो.”

“बघू की,” बुवा म्हणाले. “काकू, आज सगळी भांडी एकदम घासा. हात आखडू नका.”

काकू वर गेल्या. पातेली, परात, कुकर, डब्यांची चळत, सगळं खणखणलं. पाणी पाइपातून खळखळत खाली गेल्याचं भिंतीला कान न लावताही ऐकू येत होतं.

त्र्यंबकराव कोपऱ्याखाली मान वर करून बसले. मान अवघडली.

छत कोरडं.

“मुद्दाम जपून सांडत असतील,” ते पुटपुटले.

बुवांनी माळेचा एक मणी पुढे सरकवला.

“असंच होतं बघा! मी नेटानं पाळत ठेवली, की गळती गुपचूप बसते. मी इथे असलो की येतच नाही.”

“हं,” बुवा म्हणाले. “तू इथे असलास की येत नाही.”

“तेच तर म्हणतोय.”

“मीही तेच म्हणतोय…”

मग बुवांनी शेजारचं पितळी पातेलं उचललं आणि छताच्या कोपऱ्याखाली ठेवलं.

“त्र्यंबका, जा, आंघोळ करून ये.”

“सकाळीच केली, बुवा.”

“पुन्हा कर. रोज करतोस तशी.”

गुरूची आज्ञा. त्र्यंबकराव वर गेले. आंघोळ हा त्यांचा अभिमानाचा विषय होता. सोवळ्याचे कडक. केस कापून आले की आंघोळ, मर्तिकाहून आले की आंघोळ, बुवांकडे उतरायचं म्हणजे तर आधी आंघोळ हवीच. आणि तांब्या तांब्यानं अंग भिजवून झालं, की शेवटी भरलेली बादली दोन्ही हातांनी उचलून डोक्यावर उपडी करायची. वडिलांनी घालून दिलेली रीत. त्याशिवाय आंघोळ झाल्यासारखी वाटतच नसे.

आजही त्यांनी नद्यांची नावं घेतली आणि बादली रिकामी केली. बरं वाटलं. धोतर नेसून, ओल्या केसांनी ते खाली आले.

बुवा आणि भांडी आटोपून खाली आलेल्या काकू चहा पीत होते. कोपऱ्यातून अजून थेंब पडत होते, आणि पातेलं अर्धं भरलं होतं.

बुवांनी पातेलं उचलून त्र्यंबकरावांपुढे धरलं. पाण्यावर साबणाचा फेस होता, आणि त्याला वाळ्याचा मंद वास येत होता. सबंध इमारतीत वाळा घातलेल्या पाण्यानं आंघोळ करणारा माणूस एकच.

त्र्यंबकराव पातेल्याकडे बघतच राहिले. मग छताकडे. डोक्यात एकेक गोष्ट जुळत गेली. भांड्यांचं पाणी थोडं थोडं, पाइपाच्या कडेनं निथळून जातं. बादलीचा लोंढा आला, की पाइप तुडुंब भरतो, आणि कुठला तरी सैल सांधा ओकतो. ते खाली पाळतीवर बसत, तेव्हा वर आंघोळीला कुणीच नसे. आणि आंघोळ करून ते खाली उतरत, तेव्हा बैठक नुकतीच भिजलेली असे.

लाजेनं त्यांचा चेहरा उतरला. ते काकूंपुढे हात जोडून उभे राहिले.

“काकू, चुकलो. डबे चालू ठेवा. सोमवारी माझाही एक धरा.”

“आमटी तिखट असते हो आमची,” काकू म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून हसल्या. दोन दिवसांनी त्यांचा जीव भांड्यात पडला होता.

त्र्यंबकरावांनाही हसू आलं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. पण शिष्याचा पिंड, प्रायश्चित्त घेतल्याशिवाय त्यांना राहवेना. त्यांनी बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं.

“बुवा, तुमच्या साक्षीनं सांगतो. आजपासून बादली बंद. जन्मभर तांब्यानंच आंघोळ करीन.”

बुवांनी चहाचा शेवटचा घोट घेतला. कप खाली ठेवला…

“त्र्यंबका, परत पाणीच बंद करायला निघालास. सांधा कधी बघणार?”